वसुबारसेचे चकचकीत लाडू

स्वयंपाकात बाईमाणसं उगाच वेळ घालवतात, असं माझं ठाम मत होतं. हे मत वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे लोणखेड्यातल्या एका वसुबारसेच्या दुपारपर्यंत टिकलं.

त्या काळी मी गावच्या शाळेत मास्तर होतो. घरात आम्ही सगळे अहिराणी बोलायचो; पण कुणाला काही समजावून सांगायचं असलं, की मी शाळेतल्या मराठीवर जायचो. (घरात कुणाला माझ्याकडून काही समजून घ्यायचं नसे. तरी मी जायचो.) माझी बायको गोदा अशा वेळी डोक्यावरचा पदर नीट करायची आणि मी थांबेपर्यंत धान्य निवडत बसायची.

माझी माय वसुबारसेचं व्रत फार कडक पाळायची. त्या दिवशी गाईचं दूध, दही, ताक, तूप, काही म्हणजे काही नाही. गहू नाही, मूग नाही, तळलेलं नाही. दिवसभर उपास, दिवेलागणीला गाय-वासराची पूजा आणि मग बाजरीची भाकरी, गवारीची भाजी नि गोड म्हणून गुळातला राजगिऱ्याचा लाडू. त्या दिवसाचं दूध वासराचं. त्याच्या तोंडचं आपण काढून खाल्लं, तर आपल्या वासरानं कुणाच्या भरवशावर जगायचं, असं माय म्हणायची.

हे वासरू म्हणजे मी. तेराव्या वर्षी मला ताप आला, तो एकवीस दिवस हटला नाही. वैद्यानं औषधाची पुडी द्यायचं बंद केलं आणि नुसतं येऊन बसायला लागला. तेव्हा माय गोठ्यात गेली, गाईच्या पुढच्या दोन पायांना मिठी मारली आणि बोलून आली की पोरगा उठला, तर बारा वर्षं तुझा उपास करीन, कणभर चूक होऊ देणार नाही. मी उठलो. (जरा जास्तच उठला, असं गावात काही जणांचं मत होतं.) पुढं मायची स्वतःची आई वारली, त्या साली वसुबारस सुतकाच्या लगेच मागून आली होती. माय दोन दिवसांची उपाशी. बाया कपभर दूध घेऊन तिच्या मागं लागल्या. तिनं तोंड मिटून घेतलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं. अशी ती अकरा वर्षं पार पडली होती. हे बारावं. संध्याकाळी पाच सवाष्णी जेवल्या, की उद्यापन झालं आणि गाईला दिलेला शब्द पुरा.

आणि नेमक्या त्याच सकाळी गोदा बाहेरची झाली.

त्या दिवसांत बाहेरची म्हणजे अगदी बाहेरची. मागच्या अंगणात निंबाखाली घोंगडी, वेगळा तांब्या, वेगळी ताटली, आणि चार दिवस घरातल्या काडीला हात नाही. वडील गाडी जुंपून विसरवाडीकडे लाकूड आणायला गेलेले, ते धनतेरशीलाच येणार होते. मायच्या डोक्यावर पूजेची, सारवणाची, सवाष्णींच्या बोलावण्याची कामं. शेजारची सोनामावशी धावत आली.

"भाकरी-भाजी मी करसू," ती म्हणाली. "लाडूनं कसं व्हई?"

"लाडू मी करीन," मी म्हणालो.

सोनामावशी हसायला लागली.

"ज्याच्यासाठी व्रत, त्याच्या हातचा नैवेद्य. यात वाईट काय आहे?" मी शाळेतल्या मराठीवर गेलो होतो. "उष्णता दिली की राजगिरा फुटतो. उष्णता दिली की गूळ वितळतो. फुटलेलं वितळलेल्यात घातलं, की लाडू!"

"मास्तर, बोलीसन लाडू व्हतस नही," सोनामावशी म्हणाली.

मायनं मात्र माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ती सकाळपासून गप्प गप्पच होती. "कर," ती म्हणाली. "पन सांभाळीसन कर, नाना. बारा वरीस व्हयनात." मग तिनं दुधातुपाची भांडी शिंक्यात चढवली, चुकून कुणाचा हात जाऊ नये म्हणून वरून फडकं गच्च बांधलं आणि सवाष्णींना सांगायला गेली.

राजगिरा चांगला होता. सातपुड्यातल्या पावरा आदिवासींच्या बाया शहाद्याच्या बाजारात राजगिरा घेऊन बसत. त्यांच्यातल्या एकीकडून गोदानं आठ दिवस आधी आणला होता आणि खडा न् खडा निवडून ठेवला होता. मी धोतर खोचलं, चूल पेटवली, लोखंडी कढई चढवली. मागचं दार उघडं होतं. दारातून गोदाला माझी पाठ तेवढी दिसत होती. (माझी चांगली बाजू तीच, हे पुढं सिद्ध झालं.)

"चिमूटभर टाका!" अंगणातून आवाज आला. "चिमूटभर टाका नि वरथून फडकं फिरावा!"

चिमूटभर! त्या गतीनं लाह्या झाल्या असत्या तर दिवाळी उलटून गेली असती. मी दोन ओंजळी टाकल्या. क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग सगळं एकदम झालं. खालचा राजगिरा जळायला लागला, वरचा फुटून उडायला लागला. छतापर्यंत लाह्या, कोनाड्यात लाह्या, देवांवर लाह्या, माझ्या शेंडीत, कानात, बंडीच्या आत लाह्या! मी फडकं शोधलं, ते माझ्याच खांद्यावर होतं, आणि सापडलं तेव्हा त्याचं एक टोक धुमसत होतं.

"काय जळी ऱ्हायनं?" गोदा ओरडली.

"काही नाही. प्रयोग चाललाय."

"कसाना प्रयोग?"

मी उत्तर दिलं नाही. विद्यार्थ्यानं नको तो प्रश्न विचारला की मी शाळेतही तेच करायचो.

दुसऱ्या खेपेला मी चिमूटभर टाकला. (स्वतःला सुचल्यासारखा.) लाह्या सुरेख फुलल्या, पांढऱ्याशुभ्र. मग गुळाचा पाक. गोदा सांगत होती की वाटीत पाणी घ्या, पाकाचा थेंब टाकून बघा, बोटानं गोळी वळली की लगेच उतरवा. गोळी वळली. पण एवढ्या पटकन वळली, की मला तिचा भरवसा वाटला नाही. मुलांचं पहिलं उत्तर मी कधी खरं मानायचो नाही, तसंच. मी आणखी उकळू दिलं, आणि लाह्या घालून शेंगदाण्याचा कूट हाताशी ओढेपर्यंत कढईत दगड तयार झाला होता. मी पळी उचलली. पळीबरोबर कढई आली. मी पळी हलवली, कढई हलली. तशीच कढई धरून मी मागच्या दारात गेलो.

गोदानं कढईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचे हात नुसते मांडीवर चुळबुळत होते. पाच पावलांवर सगळं बिघडत होतं आणि तिला बोट लावायची सोय नव्हती.

"राजगिरा किती ऱ्हायना?" तिनं विचारलं.

"एका खेपेपुरता."

"आयका ना," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका हळू झाला की त्यापेक्षा तिचं ओरडणं मला परवडलं असतं. "मायनी बारा वरीस काढात. आते तरी मी सांगस तसं करा. आन् लाडू वळतांना हात पानीमा बुडाई बुडाई वळा. गरम ऱ्हास."

तिसऱ्या खेपेला मी तिनं सांगितलेलं सगळं केलं. एक सोडून. पाण्याचा हात लावला तर लाह्या मऊ पडतील, हे साधं शास्त्र तिला कुठून कळणार, असं वाटून मी कोरडा हात कढईत घातला आणि गरम गरम गोळा उचलला.

"माय वं! मन्हा हात!"

शाळेतली मराठी कुठल्या कुठं गेली.

"काय व्हयनं? भाजना का?"

"नाही," मी दात आवळून म्हणालो. "सहज म्हणालो."

हे "नाही" मी म्हणालो नसतो, तर पुढचं काही घडलं नसतं. पण भाजलं म्हणून कबूल करायचं, म्हणजे पाण्याचंही कबूल करावं लागलं असतं. तळहात तर लालबुंद झाला होता. आमच्याकडे भाजलं की काय लावतात? तूप! लहानपणापासून मायनं दुसरं काही लावलं नव्हतं. मी शिंक्याचं फडकं सोडलं, लोटीत दोन बोटं बुडवली, तळहातावर तूप चोळलं. हे औषध होतं, खाणं नव्हे, हा फरक माझ्या डोक्यात अगदी स्पष्ट होता. बोटाला लागलेलं मी चाटलंसुद्धा नाही. लागेल तसं लावायला थोडं वाटीत काढून घेतलं आणि फडकं पुन्हा होतं तसंच गच्च बांधलं. व्रताचा मी इतका विचार केला!

आणि मग त्याच हातानं लाडू वळायला बसलो.

काय सांगू! चमत्कार झाला. गोळा हाताला चिकटेना, चटकाही बसेना. चुरचुरलं तसं अधूनमधून हाताला पुन्हा थोडं "औषध" लावत गेलो. एकेक लाडू गरगरीत, गुळगुळीत, वर अशी चकाकी की तोंड दिसावं. वीसएक लाडू परातीत मांडले आणि एक तळहातावर घेऊन मी मागच्या दारात उभा राहिलो.

"भू बेस दिसस!" गोदाचे डोळे मोठे झाले. "हातले चिकटना नही?"

"कौशल्य लागतं," मी म्हणालो.

संध्याकाळी अंगणात पाट मांडला. आमची मोरी गाय नि तिचं सव्वा महिन्याचं वासरू न्हाऊ-माखू घालून उभं केलं होतं, शिंगांना गेरू, गळ्यात झेंडूच्या माळा. मायनं पाय धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं. मग नैवेद्याचा लाडू माझ्या हाती दिला. मोरीनं लाडू खाल्ला आणि माझा उजवा तळहात चाटायला लागली. चाटतच राहिली. मी हात काढून घेतला, तर मान पुढं करून पुन्हा चाटायला लागली.

"देखा वं," माय सवाष्णींना म्हणाली, आणि तिनं पदरानं डोळे पुसले. "जनावर शे, पन वळखस. याच्यासाठीच व्हतं ते बठं व्रत."

माझेही डोळे भरले. मला खरोखर वाटलं की गाईनं मला ओळखलं.

पंगत बसली. मायनं पहिला घास लाडवाचा घेतला. पाचही जणींनी घेतला. सोनामावशीनं लाडू दिव्याच्या उजेडात फिरवून पाहिला. "मास्तर, हाऊ लाडू शे का मोती? आमना त असा कधीच व्हस नही!" दुसरीनं दुसरा मागून घेतला, तिसरीनं तिसरा. सासरी-माहेरी असा लाडू खाल्ला नाही, असं एक जण म्हणाली. मी नको नको म्हणत सगळं ऐकत होतो.

तेवढ्यावर थांबायचं ना! पण कौतुक पुरेल तो मास्तर कसला. मी उजवा हात पुढं केला. "एवढा हात पोळला, तरी काम सोडलं नाही," मी म्हणालो.

मायनं ताट बाजूला सारलं. माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि उजेडाकडे नेला. "अरे मन्हा बाप! केवढा जळी गया! लगेच काही लावं का नही?"

"लावं ना," मी म्हणालो. "तूप."

माझ्या आयुष्यात मी दिलेलं हे सर्वांत थोडक्यातलं उत्तर. ते तोंडातून बाहेर पडलं आणि मलाच पहिल्यांदा ऐकू आलं.

तिसरा लाडू खाणारीनं उरलेला तुकडा इतक्या हळूच ताटात ठेवला की जणू तो झोपला होता. "मी त अर्धाच खादा," दुसरी पुटपुटली. सोनामावशीला अजून आशा होती. "म्हैसनं व्हई!" ती म्हणाली. "मास्तर, म्हैसनं तूप व्हई ना? म्हैसले नियम नही!"

मी धावत मागच्या अंगणात गेलो. "गोदा, शिंक्यातलं तूप म्हशीचं ना?"

ती आधी गोंधळली. मग माझ्या हाताकडे तिची नजर गेली, आणि दुपारची सगळी चकाकी तिला एकदम उमगली. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"आपले म्हैस कधी व्हती?" ती म्हणाली.

ते मलाही माहीत होतं. तरी मी विचारून आलो. परत आलो तोवर बायांची कुजबुज सुरू झाली होती. गाईला तिचंच तूप खाऊ घातलं! तेही वसुबारसेला! उद्यापनाला! पाप करणाऱ्याला लागतं की खाणाऱ्यालाही, यावर दोन पक्ष पडले. खाणाऱ्याला लागत असेल तर लाडवागणिक लागतं का, असं तिसरा लाडू खाणारीनं अगदी काळजीनं विचारलं. मायची जागा रिकामी होती. तिनं हात धुतले होते आणि उठून गोठ्यात गेली होती.

मला हसू येत असतं, तर मी आज ही गोष्ट आणखी रंगवून सांगितली असती. त्या वेळी मला रडू येत होतं. बारा वर्षं तिनं एक नियम चुकवला नव्हता, आपल्या आईच्या मरणात चुकवला नव्हता, आणि ज्याच्यासाठी ते सगळं होतं, त्या मीच ते एका दुपारी मोडलं होतं. शिवाय चुकून नव्हे. दोन बायांनी सांगितलेलं न ऐकून मोडलं होतं. इतकी लाज मला आधी वाटली नव्हती, नंतरही नाही.

माय वासराच्या मानेवर हात ठेवून उभी होती. वासरू मोरीला लुचत होतं.

"माय," मी म्हणालो. "मन्हामुळे तुन्हं व्रत मोडनं."

मी पायांवर डोकं ठेवायला वाकलो, तर तिनं खांद्याला धरून उभं केलं.

"खरं सांगू का, नाना?" ती म्हणाली. "आज सकायपाइन मन्हा पोटमा गोळा उठेल व्हता."

"का?"

"बारा वरीस मी रोज हिले सांगू, बाई, मन्हा शब्द पुरा व्हस तवलोंग मन्हा पोऱ्याले संभाळ. आज शब्द पुरा व्हनार व्हता. मंग उद्यापाइन काय सांगू तिले? कोन्हा जीववर सोडू तुले?"

तिनं वासराच्या अंगावरचं झेंडूचं पान झटकलं. इतकी वर्षं माझी समजूत, की माय उद्यापनाची वाट बघतेय.

"मोडनं ते बरं व्हयनं," माय म्हणाली. "आते पहिलेपाइन. आखो बारा वरीस. तवलोंग तुले काही व्हत नही." आणि एवढं बोलून ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता रडली, आणि पुन्हा हसली. तिला तसं हसताना मी माझ्या आजारपणाच्या आधी कधीतरी पाहिलं असेल.

बाहेर येऊन तिनं पाचही जणींना सांगितलं, की उद्यापन आज नाही, बारा वर्षांनी आहे, आणि सगळ्यांनी यायचं आहे. "येसूत," सोनामावशी म्हणाली. "पन मास्तरले चूलपाइन दूर ठेव, माय!"

ठेवलं. पुढची बारा वर्षं वसुबारसेच्या सकाळी मला काहीतरी काम काढून गोमाई नदीच्या काठी पिटाळलं जायचं. लाडू गोदा करायची: ओबडधोबड, कोरडे, चकाकी अजिबात नसलेले, आणि बिनचूक. मी परत आलो की आधी माझे हात बघितले जायचे. या बारा वर्षांत मला सर्दीपलीकडे काही झालं नाही. मी शाळेचा हेडमास्तर झालो, केस पिकले, मत देण्याची खोड मात्र गेली नाही. माय वाकली. तिला दिसायचं कमी झालं. पण वसुबारस आली की तिला बरोबर कळायची.

मग ते बारावं वर्ष आलं. या खेपेला गोदा घरातच होती. राजगिरा निवडून ठेवलेला, चूल सारवलेली. मी सवयीनं गोमाईवर जायला निघालो, तर मायनं हाक मारली.

"नाना, आवंदा लाडू तू कर."

गोदाच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मला वाटलं, म्हातारपणी मायला विसर पडला असेल.

"माय," मी म्हणालो, "मले ते जमत नही. तुले ठावं शे."

"म्हनीसन त सांगी ऱ्हायनी," माय म्हणाली.

गोदानं सूप माझ्यापुढं सरकवलं आणि आपण होऊन निंबाखाली जाऊन बसली. मी धोतर खोचलं आणि सदतिसाव्या वर्षी पुन्हा चुलीपुढं बसलो. हाताला चव आहे म्हणून पुष्कळांना लोक स्वयंपाकाला बोलावतात. नक्की बिघडवेल अशा खात्रीनं चुलीपुढं बसवलेला माणूस सबंध तालुक्यात मी एकटाच असेन. या वेळी हात मुद्दाम भाजून घ्यावा लागेल की काय, हा एकच विचार माझ्या मनात चालू होता. पण तेवढी अक्कल वापरायची वेळ आलीच नाही. पहिल्याच लाडवाला खराखुरा भाजला!